घाम न येणारी जागा

हे मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही. नवऱ्यालाही नाही. तो जाऊन आता बरीच वर्षं झाली, त्यामुळे ‘सांगायचं राहून गेलं’ असं म्हणायची सोय आहे. पण राहून गेलं नाही — मी सांगितलं नाही. मुलुंडच्या त्या दोन खोल्यांत आम्ही जन्म काढला. एक वाक्य बोलायला कितीसा वेळ लागला असता?

मग तुम्हाला का सांगते आहे? खरं म्हणजे मलाही नीट माहीत नाही. तुम्ही माझ्या नणंदेला ओळखत नाही, उद्या माझ्या घरी चहाला येणार नाही, हे एक कारण असेल. भित्र्या माणसाला अनोळखी माणूस बरा पडतो. आणि मी भित्री आहे. जीभ तेवढी तिखट, म्हणून लोकांना वाटतं बाई मोठी धीट.

गोष्ट ऐंशीच्या दशकातली. नवऱ्याची गिरणी बंद पडली होती. तो मिळेल ते काम करायचा — कधी मरोळला एखाद्या गाळ्यात, कधी महिना महिना घरी बसून. घर माझ्या नोकरीवर चाललं होतं. मी घाटकोपरला एका कातडीच्या डॉक्टरांकडे कामाला होते. नर्स नव्हे हं. मॅट्रिक झालेली साधी बाई. पेशंटचे नंबर लावायचे, ट्रे मांडायचा, काडीला कापूस गुंडाळायचा, डॉक्टर काम करत असताना पेशंटला धीर द्यायचा — एवढंच काम. पण चाळीत मी अर्धी डॉक्टरीण होते. कुणाला खरूज झाली, कुणाच्या पोराला घामोळं उठलं की पहिलं माझं दार वाजायचं. सासूबाई ‘इली आमची डागतरीण’ म्हणून नाक मुरडायच्या, पण शेजारणींसमोर त्यांची मान ताठ असायची. आणि मला ते सगळं फार आवडायचं. हे आधीच सांगून ठेवते, कारण पुढचं सगळं तिथूनच सुरू झालं.

डॉक्टरांकडे तेव्हा एक नवं औषध होतं. निदान आमच्या भागात तरी नवं. लिक्विड नायट्रोजन. दर आठवड्याला दुधाच्या कॅनसारख्या जाड डब्यातून यायचं. झाकण काढलं की पांढरी वाफ डब्याच्या गळ्यावरून खाली ओघळायची. पेशंट त्याला बर्फाचं औषध म्हणायचे, पण बर्फ त्याच्यापुढे कोमटच म्हणायचा. कापूस गुंडाळलेली काडी त्यात बुडवायची आणि चामखिळीवर टेकवायची. कातडी बघता बघता पांढरीफटक आणि कडक होते. सोडली की लाल होते, सुजते, फोड येतो, खपली धरते आणि काही दिवसांनी खपलीबरोबर चामखीळ गळून पडते. चिरफाड नाही, टाके नाहीत. पहिल्यांदा पाहिलं त्या दिवशी मी घरी येऊन असं रंगवून सांगितलं होतं, की जणू मीच केलं.

एकदा एक कॉलेजातली मुलगी आली. तिच्या खालच्या ओठाच्या आत वाटाण्याएवढी गाठ होती. ओठाच्या आत लाळेच्या बारीक बारीक ग्रंथी असतात, त्यातली एखादी चावली गेली, तुंबली, की अशी गाठ येते, असं डॉक्टरांनी तिला समजावलं. ती त्यांनी गोठवली. पुढे ती दाखवायला आली तेव्हा मी स्वतः तिचा ओठ उलटून पाहिला. काही म्हणजे काही खूण नाही. गाठ कुठल्या बाजूला होती तेसुद्धा सांगता येईना. तो ओठ माझ्या डोक्यात बसला. गोठवलं की खूण राहत नाही — एवढंच मी त्यावरून शिकले.

ओठाचं आतलं अस्तर वेगळं, हाताची कातडी वेगळी, हे डॉक्टर बोलले नव्हते का? बोलले होते. काम करता करता ते खूप काही सांगायचे. कातडीला रंग देणाऱ्या पेशी थंडीने सगळ्यात आधी मरतात. घामाच्या ग्रंथी आणि केसांची मुळंही जातात, आणि एकदा गेली की परत उगवत नाहीत. नस गोठली तर ती जागा बधिर होते, पण ती बहुतेक वेळा काही महिन्यांनी परत येते. मी मान हलवायचे. कानावर पडलं म्हणजे आपल्याला आलं, असं वाटायचं मला. आणि आणखी एक — हाताच्या पाठीवर किंवा बोटाच्या कडेला चामखीळ असली की डॉक्टर तेवढी कातडी चिमटीत धरून वर उचलायचे, मगच काडी टेकवायचे. कितीदा पाहिलं असेल मी ते! मला वाटायचं, पेशंटने हात हलवू नये म्हणून धरतात.

आता पमीबद्दल सांगायला हवं. मघापासून तेच टाळते आहे.

पमी माझी धाकटी नणंद. नाव प्रमिला, पण त्या नावाने तिला कुणी हाक मारल्याचं आठवत नाही. मी लग्न होऊन आले तेव्हा ती शाळेत जात होती. पहिल्या गणपतीत मोदकाचं तोंड मला काही केल्या मिटेना, तेव्हा सासूबाई ओट्याकडे वळायच्या आत तिने पटापटा ते मिटून माझ्या ताटात ठेवून दिले होते. आम्ही कोकणातले, आमच्याकडे मोदकावरून सुनेची जात काढतात. त्या दिवसापासून ती माझी होती. नकला करायची, मोठ्याने हसायची, खोटं बोलताना कानापर्यंत लाल व्हायची. शाळा झाल्यावर ती मुलुंडमध्येच एका कारखान्यात पॅकिंगला लागली. पावडरच्या पिशव्यांची तोंडं गरम पट्टीखाली धरून चिकटवायची, हे तिचं काम.

तिच्या उजव्या हाताच्या पाठीवर, अंगठ्याच्या मुळाशी, एक चामखीळ होती. सासूबाईंनी वरातीच्या घोडेवाल्याकडून शेपटीचा केस मागून आणून तिला करकचून बांधला होता. केस तुटला, चामखीळ तशीच. कुणाचं काही अडत नव्हतं तिच्यामुळे. पण दहिसरचं एक चांगलं स्थळ सांगून आलं. मुलगा कायम नोकरीत, माणसं साधी. दिवाळीनंतर बघायला येणार होते. पमी म्हणाली, “पोहे देताना आधी ही बया पुढे जाणार वहिनी, मग मी.” हसत म्हणाली, पण दिवसभर त्या हातावर दुसरा हात ठेवून बसायची.

डॉक्टरांना विचारलं असतं तर? त्यांचं उत्तर मला पाठ होतं — त्या जागेवरच्या चामखिळीला शक्यतो हात लावू नका, वेळ द्या, आपोआप जाते. म्हणून मी विचारलंच नाही. पण हे अर्धं कारण झालं. उरलेलं अर्धं असं, की डॉक्टरांनी केलं असतं तर ते डॉक्टरांनी केलं असतं. मला पमीच्या तोंडून ऐकायचं होतं — वहिनी, तू केलंस.

शनिवारी दुपारी डॉक्टर लवकर जायचे. चावी माझ्याकडे. डब्याच्या तळाशी उरलेलं औषध नाहीतरी सोमवारपर्यंत उडूनच जायचं, तेव्हा ही काही चोरी नव्हे, असं मी मनाला सांगितलं. पमी कारखान्यातून परस्पर आली. तिला डॉक्टरांच्या खुर्चीत बसवलं. मी काडीला कापूस गुंडाळला — डॉक्टर लावायचे त्याच्या दुप्पट, कारण मला ती चामखीळ मुळासकट घालवायची होती. टेकवला. कातडी पांढरी झाली, पांढरं पसरत गेलं. सोडलं, परत बुडवला, परत टेकवला. पमीने डोळे मिटून घेतले होते. “बास का गं?” म्हणाली. मी म्हटलं, “अजून जरा.” कातडी चिमटीत धरायची काही गरज वाटली नाही. ती बिचारी हात हलवतच नव्हती.

फोड आला तो भलताच मोठा, जांभळट. घरी काय सांगायचं? आम्ही दोघींनी मिळून ठरवलं — तळणीतलं तेल उडालं. ते मीच सुचवलं, कारण क्लिनिकमधली गोष्ट सासूबाईंच्या तोंडून चाळभर आणि चाळीतून डॉक्टरांपर्यंत जायला उशीर लागला नसता. पमीचे कान लाल झाले, पण तिने सांगितलं. कटच होता तो आमचा. आम्हाला मजा वाटली होती त्याची.

खपली पडली, चामखीळ गेली. गुलाबी कातडी दिसत होती, तिला मी थोडी पावडर लावली. दहिसरची माणसं आली, पोहे खाल्ले, आठ दिवसांत होकार कळवला. पमीने मला ओट्यापाशी घट्ट मिठी मारली आणि जे ऐकायचं होतं ते म्हणाली. मी त्या दिवशी इतकी खूश होते, की आजही ती खुशी आठवली की मला स्वतःची किळस येते.

मग तो गुलाबी रंग फिका होत गेला. फिका, अजून फिका. सुपारी फोडायचा दिवस ठरेपर्यंत जुन्या रुपयाएवढा पांढरा चट्टा झाला होता. आणि पमी मला म्हणाली, “इथे मला कळत नाही गं काही, झोपल्यासारखं वाटतं.” मी म्हटलं, नव्या कातडीला वेळ लागतो. तेव्हा — फक्त तेव्हा — हे मी खरं समजून बोलले होते.

कारखान्यात एक दिवस तिचा हात गरम पट्टीला टेकला. तिला कळलंच नाही. शेजारच्या बाईला वास आला, तिने हात ओढला. कारखान्यात अधूनमधून एक डॉक्टर यायचे, त्यांनी तिला डोळे मिटायला सांगून टाचणी टोचून पाहिली. फिका चट्टा, तिथे स्पर्श कळत नाही, आजूबाजूला हात घामाने ओला आणि तेवढी जागा कोरडी. ही लक्षणं तेव्हा दवाखान्याच्या भिंतीभिंतीवर रंगवलेली असायची. त्यांनी तिला सरकारी दवाखान्याची चिठ्ठी दिली आणि बरी झालीस की ये म्हणून घरी पाठवलं.

महारोग. आता आपण कुष्ठरोग म्हणतो. आमच्या चाळीत तेव्हा दोन्ही शब्द कुणी मोठ्याने उच्चारत नसे.

मला कधी कळलं? त्याच संध्याकाळी. पमी रडत रडत सांगत होती — टाचणी कळली नाही, घाम येत नाही — आणि माझ्या डोळ्यांसमोर डॉक्टरांची ती चिमूट आली. कातडी ते का उचलतात ते तेव्हा समजलं. खाली नस असते, तिच्यापासून कातडी दूर करायला. रंग, घाम, स्पर्श — तिन्ही मी घालवले होते. रोग कसला? तिला कसलाही रोग नव्हता. संपूर्ण मुंबईत हे मला एकटीला माहीत होतं.

आता तुम्ही म्हणाल, मग बोलायचं होतं. हो ना.

काही दिवसांनी सरकारी दवाखान्याच्या एक डॉक्टरीणबाई घरच्या सगळ्यांना तपासायला आल्या. भल्या बाई होत्या. स्टुलावर बसल्या, चहा घेतला, आम्हाला एकेकाला डोळे मिटायला सांगून कापसाचं टोक फिरवलं. मग पमीचा हात हातात घेऊन विचारलं, “चट्टा यायच्या आधी या जागेवर कधी भाजलं होतं? काही औषध, ॲसिड, काही लावलं होतं?” असं नीट विचारलं हो त्यांनी. दार उघडून धरलं होतं माझ्यासाठी. पमीने माझ्याकडे पाहिलं. मी बोलेन म्हणून थांबली असावी. मग तीच म्हणाली, “वहिनीने गार औषध लावलं होतं. क्लिनिकमधलं.”

सासूबाई चिडल्या. “तेव्हा त्याल उडाला म्हनलंस, आता गार औषध म्हनतंस. खरां काय तां सांग गो.”

सगळे माझ्याकडे बघायला लागले. नवरा दारात उभा होता. मी म्हटलं, “मी? तसल्या औषधाला आम्हाला हातसुद्धा लावू देत नाहीत. तेल उडालं होतं तेव्हा मी मलम लावलं, तेवढंच.” आवाजही कापला नाही माझा. डॉक्टरीणबाईंनी मान हलवली. हा रोग ऐकल्यावर माणसं काहीतरी दुसरं कारण शोधतात, हे त्यांनी रोज पाहिलं असणार. त्या पमीच्या पाठीवरून हात फिरवत म्हणाल्या, “घाबरू नकोस. गोळ्यांनी बरं होतं.” पमी माझ्याकडे बघत राहिली. रागाने नाही. हिशेब चुकला की मूल जसं पाटीकडे बघतं तसं.

नोकरी गेली असती, हे खरं आहे. घरात दुसरा पैसा नव्हता, हेही खरं आहे. पण त्या क्षणी मला नोकरी आठवली नव्हती. दारात उभ्या असलेल्या नवऱ्याचा चेहरा दिसत होता, सासूबाईंचा दिसत होता, आणि अर्धी डॉक्टरीण मला जिवंत ठेवायची होती.

आणि तरीही, मला वाटतं, तेवढ्यावर थांबले असते तर — पण मी थांबले नाही. खरा गुन्हा त्याच्या नंतरचा.

दुसऱ्या दिवशी पमी मला मोरीपाशी गाठून म्हणाली, “वहिनी, तू असं का बोललीस?” तिच्या मनात काही शंका होती, म्हणजे अजून तिची सुटका होती. मी तिला जवळ बसवलं. डॉक्टर पेशंटला समजावतात त्या आवाजात समजावलं. म्हटलं, नोकरी जाईल म्हणून बोलले नाही, पण खरं सांगू का, गार औषधाने एवढा चट्टा पडत नाही गं. त्या कॉलेजच्या मुलीचा ओठ गोठवला होता, तिला खूणसुद्धा राहिली नाही. चट्टा आधीपासून असणार. चामखिळीखाली दडला होता, औषधाने वरचं गेलं आणि तो दिसायला लागला. बरं झालं उलट, लवकर कळलं.

तिने विश्वास ठेवला. का नाही ठेवणार? घरात या विषयातलं कळणारी मी एकटीच. ती माझा हात धरून म्हणाली, “तुझ्यामुळे कळलं तरी.” माझे आभार मानले तिने.

सासूबाईंनी एकदा विषय काढला, की पोरीला तुझ्या डॉक्टरांना तरी दाखव. ते एका नजरेत ओळखणार हे मला ठाऊक होतं. मी म्हटलं, असला पेशंट मी तिथे नेला तर मला उभं करणार नाहीत. पुन्हा कुणी तो विषय काढला नाही.

दहिसरहून निरोप आला, मुलाला एवढ्यात लग्न करायचं नाही. कारखान्याने परत घेतलं नाही. पमी गोळ्या घ्यायला लागली. त्यातल्या एका गोळीने लघवी लाल व्हायची, पहिल्यांदा ती किंचाळत बाहेर आली होती. अंगातलं रक्त कमी झालं, जिना चढताना धाप लागायची. ताट-वाटी वेगळी करू नका, असं डॉक्टरीणबाई बजावून गेल्या होत्या. सासूबाईंनी केली. मी ती वेगळी घासायचे. आपली मी घासतच होते ती, बाजूला, राखेने.

माझा मुलगा तेव्हा रांगत होता. पमीचा त्याच्यावर भारी जीव. एका संध्याकाळी तो तिच्या मांडीवर चढला आणि तिने त्याला उचलून गालाला गाल लावला. खोलीत सासूबाई होत्या, शेजारच्या दोघी होत्या. सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या — आई काय करते? मी उठले आणि मुलाला तिच्या हातातून काढून घेतलं. तो रडला. जिला काहीही झालेलं नाही, हे मला माहीत होतं, तिच्या हातातून.

पमीने आपली मांडी झटकली, जशी काही तिथे घाण सांडली होती.

पुढे काही महिन्यांनी स्पर्श परत आला. डॉक्टरांनी सांगितलं होतं तसाच, नस आपोआप उठते तसा. कापसाचं टोक लागलं आणि पमी हसली — कितीतरी दिवसांनी हसली. डॉक्टरीणबाईंचे डोळे भरून आले. गोळ्यांचा गुण आला, असं सगळे म्हणाले. सासूबाईंनी देवापुढे नारळ फोडला, पेढे वाटले. त्या पेढ्याने पमीच्या रोगावर कायमचं शिक्कामोर्तब झालं. आता ती महारोग होऊन बरी झालेली बाई होती, जन्मभरासाठी. मी तो पेढा खाल्ला.

सासूबाई पुढे तिला घेऊन गावी मालवणकडे गेल्या. तिथे तिने शिवणकाम सुरू केलं. एका बिजवराचं स्थळ आलं होतं, दोन मुलं पदरात असलेला, चांगला माणूस. त्याला सगळं सांगितलं होतं, तरी तो तयार होता. पमीच नको म्हणाली. मला एकटीला सांगितलं, “नको गं वहिनी. दुसऱ्याची पोरं आहेत. माझ्यामुळे त्यांना काही झालं तर?” मी काय म्हणाले असेन? मी म्हणाले, तुझी मर्जी.

दर मे महिन्यात ती मुंबईला यायची. आली की दार लावून पाठ उघडी करायची आणि म्हणायची, “बघ गं, नवीन काही उठलंय का.” अर्धी डॉक्टरीण ना मी. मी कापूस घ्यायचे, त्याचं टोक काढायचे आणि तिच्या पाठीवर फिरवायचे. ती डोळे मिटून सांगायची — इथे, इथे, खांद्यापाशी. सगळं कळायचं तिला. तिची पाठ घामाने ओली असायची, हात ओले असायचे, उजव्या हातावरचा तो पांढरा रुपया तेवढा कोरडा. स्पर्श परत आला, घाम नाही आला. मी म्हणायचे, “काही नाही, स्वच्छ आहेस.” वर्षानुवर्षं हे नाटक मी केलं. आणि दर वेळी ती निश्चिंत होऊन पदर सावरायची, तेव्हा मला आपण तिच्यासाठी काहीतरी केलं असं वाटायचं. हो, वाटायचं.

डॉक्टर वारले. क्लिनिकच्या जागी आता मोबाइलचं दुकान आहे. सासूबाई गेल्या, नवरा गेला, चाळ पाडून इमारत झाली. ज्याला भ्यावं असं कुणीच उरलं नाही. नोकरीच नाही तर जाणार काय? तरी मी सांगितलं नाही. आता कारण शोधायला गेले तर ते बनवलेलं कारण असेल. तिने आयुष्य ज्या गोष्टीवर उभं केलं तीच काढून घ्यायची का, असं मी मध्ये काही वर्षं स्वतःला समजवत होते. तेही खोटंच. मला फक्त तिचा चेहरा बघायचा नव्हता.

गेल्या महिन्यात माझ्या नातवाचं बारसं झालं. त्याच रांगत्या मुलाचा मुलगा. पमी गावाहून आली, साठीची झाली आहे, केस पांढरे, हसणं तसंच. बाळासाठी स्वतः शिवलेली झबली घेऊन आली होती. पाळण्यातून बाळाला काढून सून म्हणाली, “आत्या, घ्या ना.”

पमीने हात पुढे केले आणि मागे घेतले. उजवा हात तिने पदराखाली नेला. मग माझ्याकडे वळून, कुणाला ऐकू जाणार नाही अशा आवाजात म्हणाली, “वहिनी, एखादा टॉवेल दे गं. तेवढी जागा झाकते. लहान जीव आहे.”

सून हसत बाळ धरून उभी होती. मुलगा फोटो काढायला मोबाइल शोधत होता. पमी हात पदराखाली धरून माझ्याकडे बघत थांबली होती.

मी आत गेले आणि टॉवेल आणून दिला.